पाठ गार, तर ट्रिप बेकार!

थंडीतल्या हॅमॉक कॅम्पिंगसाठी स्लीपिंग बॅग घ्यायचीय? कार्ड स्वाइप करण्याआधी एक मिनिट थांबा. लेबलवरचा तो आकडा नेमका कुणासाठी आहे आणि कुठे मोजलाय, हे आधी बघा!

डिसेंबर उजाडला की ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो ठरलेला मेसेज पडतोच, 'या वीकेण्डला कुठे?' मग कुणीतरी एक फोटो टाकतं. दोन झाडं, मध्ये केशरी रंगाचा हॅमॉक, मागे तळं, वर चांदण्यांचा सडा. दहा मिनिटांत आठ अंगठे वर! शनिवारी दुपारी डिक्की भरते आणि गाड्या पवनेच्या, भंडारदऱ्याच्या नाहीतर महाबळेश्वरच्या दिशेनं सुटतात.

फोटोत एक गोष्ट मात्र कधीच येत नाही, बॉस. पहाटेचे तीन!

रात्री अकरापर्यंत सगळं झकास असतं. गप्पा, अंताक्षरी, वाफाळता चहा. मग मंडळी आपापल्या झुल्यात शिरतात, स्लीपिंग बॅगची चेन गळ्यापर्यंत ओढतात आणि ढाराढूर. दोनच्या सुमारास जाग येते. गंमत म्हणजे छाती गरम असते, पोट गरम असतं, पण कंबर आणि खांदे मात्र कुणीतरी खालून बर्फाची लादी लावल्यासारखे गार. या कुशीवरून त्या कुशीवर, काही फरक नाही. साडेतीनला माणूस मुकाट्यानं उठतो आणि गाडीची मागची सीट गाठतो. सोमवारी कॅण्टीनमध्ये निकाल लागतो, 'बॅग बोगस निघाली यार!'

खरं तर बॅग बऱ्याचदा चांगलीच असते. फक्त ती जमिनीसाठी बनवलेली असते आणि आपण तिला हवेत टांगतो. हा फरक खिशालाही महाग पडतो आणि कधीकधी तब्येतीलाही. म्हणून खरेदीआधी थोडा अभ्यास करूया. डोण्ट वरी, गणित सोपं आहे!

गडबड होते कुठे?

स्लीपिंग बॅग स्वतः उष्णता तयार करत नाही. ती काही हीटर नाही. उष्णता तुमच्या शरीराची. बॅगेतल्या पिसांमध्ये किंवा तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि ती अडकलेली हवा तुमची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे बॅग जितकी फुगलेली, तितकी गरम.

आता हॅमॉकमध्ये आडवे व्हा. अंगावरची बाजू मस्त फुगलेली राहते. पण पाठीखालची बाजू तुमच्या पन्नास-साठ-सत्तर किलोच्या वजनानं चपटी होते. हवा गेली, ऊब गेली. उरतो नायलॉनचा पातळ कपडा आणि त्याखाली वाहता वारा. जमिनीवर झोपलं की माती निदान वाऱ्यापासून तरी वाचवते. हॅमॉकमध्ये खालून हवेची झुळूक सतत तुमची ऊब पळवत असते. गरम चहा बशीत ओतून फुंकर मारावी, तसंच हे.

यात आश्चर्य वाटायचं कारण नाही. हॅमॉक हा मुळात उकाड्यावरचाच इलाज. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या 'हमाका' या शब्दावरून हे नाव स्पॅनिशमध्ये आणि तिथून इंग्रजीत आलं. दमट हवेत खालून वारा लागावा, जमिनीवरच्या किड्यामुंग्यांपासून सुटका व्हावी म्हणून ही सोय. पुढे ती युरोपच्या जहाजांवर पोचली. गार समुद्रांत फिरणारे ब्रिटिश नौदलाचे खलाशी आपल्या हॅमॉकमध्ये पातळ गादी अंथरून झोपायचे. म्हणजे आपला आजचा प्रॉब्लेम त्यांना तेव्हाच कळला होता!

एवढं लांब कशाला, आपल्याच घरात बघा. तान्ह्या बाळासाठी लुगड्याची नाहीतर धोतराची झोळी बांधली, की आजी आधी आत काय घालते? घडी घातलेलं दुपटं किंवा छोटी गोधडी. पांघरूण नंतर. ऊसतोडीच्या फडात झाडाला टांगलेल्या झोळीतही तेच दिसेल. आधी खालून ऊब, मग वरून. हॅमॉकचा सगळा फंडा या एका ओळीत आला.

लेबलची भाषा

आता दुकानात जाऊ. शेल्फवर बॅगा रांगेत लटकलेल्या. एकीवर '१०', दुसरीवर '५', तिसरीवर थेट '-५'. सेल्समन म्हणतो, 'सर, ही मायनसमध्ये पण चालते!' चालते म्हणजे काय, हे मात्र विचारा.

चांगल्या कंपन्यांच्या बॅगांवरचं तापमान ठरवण्यासाठी एक मानक असतं. युरोपात २००२ मध्ये 'ईएन १३५३७' आलं आणि २०१६ मध्ये त्याची जागा 'आयएसओ २३५३७' या आंतरराष्ट्रीय मानकानं घेतली. यात थंड खोलीत एक गरम केलेला पुतळा बॅगेत झोपवतात. त्याच्या अंगावर सेन्सर असतात. किती उष्णता निसटतेय हे मोजून तीन आकडे काढले जातात.

कम्फर्ट : या तापमानाला 'प्रमाण स्त्री' आरामात, अंग सैल सोडून झोपू शकते. ही प्रमाण स्त्री २५ वर्षांची, १६० सेंटीमीटर उंच आणि ६० किलो वजनाची धरलेली आहे.

लिमिट : या तापमानाला 'प्रमाण पुरुष' गुडघे पोटाशी घेऊन, अंगाचं मुटकुळं करून रात्र काढू शकतो. आरामात नाही, कशीबशी!

एक्स्ट्रीम : हा आकडा झोपेचा नाहीच. प्रमाण स्त्री सहा तास जीव वाचवून राहील, एवढाच त्याचा अर्थ. थंडीनं बोटं बधिर होऊन इजा होण्याची शक्यता त्यात गृहीतच आहे.

आता लक्षात आलं ना, पाकिटावर ठळक अक्षरात छापलेला '-५' कोणता असू शकतो? तिन्ही आकडे शोधा. फक्त 'कम्फर्ट' वाचा. बाकीचे दोन विसरा. एकच आकडा असेल आणि तो कोणता हे लिहिलेलंच नसेल, तर तो कम्फर्ट आहे असं समजू नका.

मुलींनो, हा मुद्दा तुमच्यासाठी स्पेशल. या मानकानुसार पुरुषासाठी आणि स्त्रीसाठी आकडे वेगळे येतात, कारण सरासरी पाहता त्याच थंडीत बाईला जास्त ऊब लागते. पण ग्रुपमध्ये सगळ्यांसाठी एकदम भाड्यानं बॅगा आणल्या की सगळ्यांना सारखंच वाटप होतं आणि रात्री कुडकुडणाऱ्या मुलीला 'तू फार नाजूक बुवा' असं ऐकावं लागतं. नाजूक वगैरे काही नाही. तिच्या हातात दुसऱ्याच्या मापाचा आकडा आलाय, एवढंच. कमी वजनाच्या मुलांनाही हाच न्याय. अंगानं बारीक असाल, जेवण कमी झालं असेल, दमला असाल, तर लिमिटच्या भानगडीत पडूच नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं. तो पुतळा झोपलेला असतो पाठीखाली मॅट घालून, सपाट पृष्ठभागावर. त्याच्या अंगात लांब बाह्यांचे आतले कपडे आणि पायात मोजे असतात. हॅमॉकमध्ये त्याला कुणी झोपवलेलं नाही! म्हणजे खाली काहीच न घालता झाडाला टांगून झोपलात, तर लेबलवरचा एकही आकडा तुम्हाला लागू होत नाही.

किती थंडीची तयारी?

सह्याद्रीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात. पण थंडीची लाट आली की सगळे अंदाज कोलमडतात. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. आणि ते तर शहर!

मोबाइलवर दिसतं ते जवळच्या शहराचं तापमान. तुम्ही असणार डोंगरात. सरासरी १००० मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटतं. पुणे ५६० मीटरवर आहे, कळसूबाई १६४६ मीटरवर. करा हिशोब.

पण थांबा, यातही एक मेख आहे. निरभ्र, शांत रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली ओघळते आणि दरीत, तळ्याकाठी साचते. महाबळेश्वरचंच बघा ना. गावात थंडी बेताची असते, त्याच पहाटे वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठून हिमकण झाल्याचे फोटो जवळपास दर हिवाळ्यात पेपरात येतात. म्हणजे आपल्या आवडीचा तो 'लेक व्ह्यू' स्पॉट बऱ्याचदा सर्वांत गार! तळ्यापासून थोडं वर, उताराच्या आडोशाला, दाट झाडीत हॅमॉक बांधा. डोक्यावर फांद्या असल्या की जमिनीची उष्णता थेट आकाशात निसटत नाही आणि दवही कमी पडतं.

आता सोपा फॉर्म्युला. जायच्या ठिकाणी रात्री किमान किती तापमान असेल त्याचा अंदाज घ्या, त्यातून ५ वजा करा. जे उत्तर येईल, तेवढ्या कम्फर्टची बॅग घ्या. भंडारदऱ्याला १० अंशांचा अंदाज आहे? मग ५ कम्फर्टची बॅग. सह्याद्रीत हिवाळाभर हॅमॉक टांगणार असाल तर ५ च्या आसपास कम्फर्ट असलेली एक बॅग बहुतेक ट्रिपांना पुरते. थंडी फार वाजत असेल तर ० ची घ्या. गरम झालं तर चेन उघडता येते, गार झालं तर काय उघडणार?

पिसं की सिंथेटिक?

पिसांची, म्हणजे डाउनची बॅग हलकी असते, मुठीत मावेल इतकी दाबली जाते आणि बाहेर काढली की झकास फुगते. डाउनवर ६००, ७००, ८०० असे आकडे असतात. तो फिल पॉवर. एक औंस पिसं किती घनइंच जागा भरतात, ते तो सांगतो. आकडा मोठा, तर तेवढ्याच उबेसाठी वजन कमी. पण ओली झाली की पिसं एकमेकांना चिकटतात आणि बॅगेतला दम जातो. शिवाय किंमत! चांगली डाउन बॅग सहज दहा-पंधरा हजारांच्या घरात जाते. तेवढ्यात एखाद्या फोनचे दोन-तीन हप्ते निघतील.

सिंथेटिक बॅग जड, पिशवीत जागा खाणारी, पण ओलसर झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते. धुवायला सोपी, खिशाला परवडणारी. तळ्याकाठचं दव आणि आपला निष्काळजीपणा, दोन्ही धरले तर पहिल्या बॅगेसाठी सिंथेटिक बेस्ट. डाउनचा विचार हिमालयात जायला लागलात की करा. तिथे शून्याखालच्या रात्रीसाठी सुरुवातीला भाड्यानं घेतलेली बॅग आणि तंबू हेच शहाणपणाचं. बर्फातला हॅमॉक हा पहिल्या हिवाळ्याचा खेळ नव्हे.

आणखी एक. डोक्यापासून पायापर्यंत निमुळती होत जाणारी 'ममी' बॅग जमिनीवर बेस्ट, पण झुलत्या हॅमॉकमध्ये तिच्यात शिरणं म्हणजे सर्कस! म्हणून हॅमॉकसाठी चेन पायापर्यंत पूर्ण उघडणारी बॅग बघा. ती पायाशी बंद ठेवायची, बाकी उघडून गोधडीसारखी अंगावर घ्यायची. नाहीतरी पाठीखालचा भाग चपटाच होणार, मग त्यात अडकून कशाला पडा?

खालची ऊब : इथे पैसे टाका

बॅगेचं बजेट ठरवताना त्यातला एक वाटा पाठीखालच्या व्यवस्थेसाठी बाजूला काढा. ५ कम्फर्टची बॅग आणि खाली काहीच नाही, यापेक्षा १० कम्फर्टची बॅग आणि खाली चांगली मॅट हा सौदा हॅमॉकमध्ये केव्हाही उजवा. पर्याय तीन.

फोम मॅट : सर्वांत स्वस्त. ट्रेकर मंडळी वापरतात ती गुंडाळीवाली मॅट. एक सेंटीमीटर किंवा जास्त जाडीची घ्या. योगाची पातळ मॅट इथे पुरत नाही. हॅमॉकमध्ये मॅट सरकते, म्हणून दुहेरी कापडाचा हॅमॉक असेल तर मॅट दोन थरांच्या मधोमध सरकवा. नेहमीची मॅट साधारण ५० सेंटीमीटर रुंद असते, हॅमॉक मात्र खांद्यांना दोन्ही बाजूंनी आवळतो. मग खांदे उघडे पडून गारठतात. उपाय सोपा : जुन्या मॅटचा एक तुकडा कापून खांद्यांखाली आडवा घाला.

हवेची मॅट : आरामदायी, पण आत नुसती हवा असलेली मॅट थंडीत गारच लागते. आत फोम किंवा इतर भरण असलेली निवडा आणि पूर्ण टम्म फुगवू नका, म्हणजे ती हॅमॉकच्या बाकाला जुळते.

अंडरक्विल्ट : हॅमॉकच्या पोटाखाली बाहेरून टांगायची गोधडी. ती तुमच्या वजनाखाली दाबलीच जात नाही, त्यामुळे तिची ऊब शाबूत राहते. हॅमॉकला अंगाबरोबर लागून, पण न चेपता बसली पाहिजे. मध्ये फट राहिली की वारा घुसलाच. ही महाग असते आणि सहसा मागवावी लागते. जुगाड हवाय? चौकोनी आकाराची एखादी जुनी सिंथेटिक स्लीपिंग बॅग पूर्ण उघडा, चारही कोपऱ्यांना लवचीक दोरी बांधा आणि हॅमॉकखाली टांगा. दिसायला गबाळं, पण काम चोख!

वाऱ्याची बाजू अडवणारा टार्प म्हणजे ताडपत्रीसारखं हलकं छतही सोबत असू द्या. आणि हॅमॉक फार उंच बांधू नका. खुर्चीवर बसतो तसं सहज बसता येईल एवढी उंची पुरे. वारा कमी लागतो आणि पडलात तर हाडंही शाबूत राहतात.

मामला गंभीर कधी होतो?

नुसती झोपमोड झाली तर सोमवारी कॉफीवर भागतं. पण ओले कपडे, वारा आणि रिकामं पोट एकत्र आलं की १० अंशांतही शरीर हरू शकतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. अनावर कुडकुडणं, हातातून वस्तू निसटणं, बोलताना जीभ अडखळणं, उगाच चिडचिड किंवा गप्प होणं ही लक्षणं. असं कुणाचं झालं तर 'झोप, बरं वाटेल' म्हणू नका. त्याला हॅमॉकमधून खाली घ्या, आडोशाला मॅटवर न्या, ओले कपडे बदला, बॅगांमध्ये नीट गुंडाळा, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा पाजा. बोलणं असंबद्ध होत असेल किंवा कुडकुडणं थांबूनही माणूस सुस्त पडत असेल, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

आणि हो, 'थंडीवर रम' हा जुना गैरसमज. दारूनं त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात आतली ऊब भराभर बाहेर जाते. हॅमॉकखाली शेकोटी हाही तसलाच प्रकार. नायलॉन वितळायला ठिणगी पुरते आणि हिवाळ्यातल्या वाळल्या गवताला तर तेवढंही नको.

निघण्याआधी एवढं कराच!

• पहिली रात्र घराच्या बाल्कनीत किंवा सोसायटीच्या गच्चीवर काढून बघा. हॅमॉकचे हूक पक्के आहेत ना, ते तपासा आणि सेक्रेटरींना आधी सांगा! पाठ गार पडली तर घर दहा पावलांवर आहे.

• झोपायचे कपडे वेगळे आणि कोरडे ठेवा. दिवसभर घामेजलेला सुती टी-शर्ट रात्री शत्रू होतो.

• माकडटोपी घ्या. हसणारे हसू देत, पहाटे तेच मागायला येतील.

• झोपण्याआधी पोटभर जेवा. उशाशी शेंगदाण्याची चिक्की ठेवा. जाग आली तर दोन तुकडे खा.

• घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरा, मोज्यात घाला आणि पायाशी ठेवा.

• तोंड बॅगेच्या आत घेऊ नका. श्वासाच्या वाफेनं बॅग ओलसर होते.

• घरी बॅग पिशवीत कोंबून ठेवू नका. कपाटात मोकळी टांगा, नाहीतर तिचा फुगवटा कायमचा जातो.

• झाडाला दोरीऐवजी रुंद पट्टा बांधा, साल सोलवटत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर यांसारख्या अभयारण्यांत मुक्कामाआधी वनखात्याकडे नियम विचारा. खासगी जागेत मालकाला विचारून झाड निवडा.

तर दोस्तहो, या शनिवारी दुकानात जाल तेव्हा सेल्समननं '-५' दाखवलं की शांतपणे दोन प्रश्न विचारा : 'यातला कम्फर्ट किती? आणि पाठीखाली घालायला काय आहे?' दोन्हींची नीट उत्तरं मिळाली तरच कार्ड बाहेर काढा. मग पहाटे तीनला जाग आलीच, तर ती चांदण्या बघायला येईल!